गोदामातील माल हलविल्याबाबत

दिनांक २३ मे १९८३, सोमवार

नाव: सिंधूताई देवाजी गजभिये. वय: पन्नाशीच्या पुढे. धंदा: पाळणाघर. राहणार: सुखशांती लेआउट, सक्करदरा तलावामागे, नागपूर.

मी आज रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वर माझा धंदा लिहिला आहे, तेथे जमादार साहेबांनी आधी "घरकाम" असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. घरकामाला परवानगी लागत नाही आणि माझ्यावर ठपका आहे तो विनापरवानगी धंदा केल्याचा. घरकाम लिहिले तर केसच उरत नाही. एवढ्या लोकांनी एवढ्या उन्हात केलेली मेहनत माझ्यामुळे वाया जावी, अशी माझी इच्छा नाही.

माझे पती देवाजी गिरणीत फिटर होते. ते वारल्यापासून मी राहत्या घरी लोकांची लहान मुले दिवसभर सांभाळते व त्याचा मोबदला घेते. मुलांच्या आया नोकरीवर जातात. कोणी दवाखान्यात नर्स आहे, कोणी गिरणीत आहे, एक कोराडीच्या वीज केंद्रात टायपिस्ट आहे. सकाळी मुले येतात, जेवतात, भांडतात, दुपारी झोपतात, संध्याकाळी आपापल्या घरी जातात. यात गुन्हा कोणत्या वेळेला घडतो हे मी महापालिकेच्या कार्यालयात जाऊन विचारले होते. भांडणाच्या वेळी असेल तर ती वेळ मी बदलून घेतली असती.

माझ्या घरासमोर श्री. कृष्णकांत मोहरील राहतात. ते हिशेब खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले असून, ही गोष्ट त्यांना अजून कोणी कळवलेली दिसत नाही. ते लेआउटच्या सोसायटीचे सचिव आहेत. निवासी वस्तीत पाळणाघर चालते, त्यामुळे आवाज होतो व लेआउटचे वातावरण बिघडते, अशी तक्रार त्यांनी गेल्या वर्षी त्याच कार्यालयात केली. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच आहे. त्यांची नात नीला, वय दीड वर्ष, ही माझ्याकडेच असते. टायपिस्ट म्हणून वर सांगितली ती प्रमोदिनी म्हणजे नीलाची आई, म्हणजे मोहरील यांची सून. नीलाला रोज सकाळी आणून सोडतात ते स्वतः मोहरील. फाटकावरूनच देतात. आत येत नाहीत. का येत नाहीत हे त्यांनी सांगितले नाही व मी विचारले नाही. आमच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, ती रस्त्यावरूनही दिसते.

मी एकदा त्यांना म्हटले होते, "मोहरील साहेब, तुमी नातही आणून देता अन् तक्रारही करता, हे कसं?" त्यावर त्यांनी समजावून सांगितले, "सिंधूबाई, तक्रार जनरल आहे. तुमच्यावर वैयक्तिक काही नाही. नीलाला आज वरण-भात पातळच द्या." मी पातळ दिला.

तक्रार झाल्यावर मी रीतसर परवानगीसाठी अर्ज केला. कार्यालयात ओमप्रकाश नावाचे बाबू आहेत. त्यांच्याकडील छापील फॉर्मवर घराचा वापर सांगण्यासाठी निवासी, दुकान, कारखाना व गोदाम असे चारच प्रकार होते. पाळणाघर नव्हते. ओमप्रकाश यांनी माझी अडचण ओळखली. ते म्हणाले, "देखो बाई, तुमी सकाळी ठेवून घेता, संध्याकाळी परत देता, अन् ठेवाचे पैसे घेता. म्हंजे गोदामच झालं नं." मी म्हटले, "अवो, लेकरं हायेत ते." ते म्हणाले, "त्याची सोय आहे. मालाचं स्वरूप असा रकाना आहे खाली." त्या रकान्यात त्यांनी बराच विचार करून "नाशवंत" असे लिहिले. मला वाचता येते. पण बाबू माणूस आपल्यासाठी एवढा विचार करतो आहे, त्याला मध्येच कशाला थांबवा, म्हणून मी गप्प बसले. तेथे गप्प बसायला नको होते.

त्यानंतर गोदामाच्या नियमाप्रमाणे मला वाळूने भरलेल्या लाल बादल्या ठेवण्यास सांगितले. ठेवल्या. मुलांनी त्यातली वाळू खाल्ली. ती मी पुन्हा भरली. "धूम्रपान मना आहे" अशी पाटी लावण्यास सांगितले. ती लावल्यापासून माझ्याकडील एकाही मुलाने विडी ओढलेली नाही, हे मी खात्रीने सांगते. ट्रक उभा करण्यास जागा दाखवा म्हणाले, तेव्हा मी निंबाच्या झाडाखालची जागा दाखवली. मुलांची तीनचाकी सायकल तेथेच उभी असते. शिवाय मागच्या दारातून आवाज येतो, असे सोसायटीचे म्हणणे पडल्याने मी मागचे दार विटा लावून बंद करून घेतले. म्हणजे घराला आता समोरचे एकच दार राहिले. एवढे सर्व करूनही परवानगी आली नाही. नोटीस मात्र आली. तिच्यात "अनधिकृत गोदाम" असे होते.

परवा शनिवार दिनांक २१ रोजी काय घडले ते विचारल्यावरून सांगते.

नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला थोडाच अवकाश होता. त्या दिवशी माझ्याकडे अकरा मुले होती. सकाळी मोहरील यांनी नीलाला फाटकावर माझ्या हातात दिले व "रात्री अंग कोमट होतं, जरा लक्ष ठेवा" असे सांगितले. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून घ्यायला लावत आहे. जेवणे झाल्यावर मी दाराला आतून कडी घातली, खिडक्या लावल्या, वाळ्याच्या तट्ट्यांवर पाणी मारले, कूलर सुरू केला व मुलांना ओळीने निजवले. नागपुरात मे महिन्यात सगळेच असे करतात. दुपारी उघडे दार दिसले तर लोक चौकशीला येतात, की घरात कोणी गेले की काय.

परंतु कार्यालयात जे नवीन साहेब आले आहेत ते कोकणातून बदलून आलेले आहेत. त्यांचे नाव मला ठाऊक नाही. शिक्क्यात फक्त हुद्दा आहे. कोकणात दार बंद असले म्हणजे घरात कोणी नसते, असे असावे. मी कोकण पाहिलेले नाही. ते नत्थू शिपायाला घेऊन आले, दार बंद दिसले, तेव्हा बाहेरून दोन्ही पल्ल्यांची कडी लावली, कुलूप घातले, त्यावर कापड गुंडाळून लाखेची मोहर केली व पंचनाम्याचा कागद चिकटवला. पंचनाम्यात "वारंवार हाका मारूनही प्रतिसाद नाही" असे लिहिले आहे. माझा कूलर चालू असताना मी स्वतःला हाक मारली तरी मला ऐकू येत नाही. पुढे लिहिले आहे, "आत माल असून इसम कोणी नाही." त्याखाली पंच म्हणून प्रतिष्ठित इसमाची सही आहे. कृष्णकांत मोहरील.

नत्थू हा इथलाच, पलीकडच्या वस्तीतला आहे. मी त्याला नंतर विचारले, "काहून गा नत्थू, मे महिन्यात नागपूरचं घर दुपारी बंद राहते, हे तुले माहीत नव्हतं?" तो म्हणाला, "माहीत होतं नं बाई. पण साहेबानं मले काई इचारलंच नाई. साहेब म्हणे, बंद हाय. मी म्हटलं, हो जी, बंद हाय. बंद तं होतंच." त्याचे बोलणे खोटे आहे असे मला म्हणता येत नाही.

काही वेळाने लाईन गेली. कोराडीला एवढे मोठे वीज केंद्र आहे, राखही आमच्याच बाजूला उडते, पण वीज कुठे जाते ते मला सांगता येणार नाही. कूलर थांबला. मुले घामाने उठली. हवा घ्यावी म्हणून मी आतली कडी काढली तर दार हलेना. फटीतून पाहिले तर कापड व लाख दिसली. खिडक्या उघडल्या, त्यांना गज आहेत, तेथून झळा आत येऊ लागल्या. मी हाका मारल्या. लेआउटमधले सगळे कूलर एकदमच बंद पडले होते, म्हणून माझी हाक लोकांना ऐकू तरी गेली. लाईन गेली नसती तर संध्याकाळपर्यंत कोणालाच पत्ता लागला नसता. त्याबद्दल वीजवाल्यांचे मी आभार मानते.

लोक जमले. सर्वांनी कागद वाचला. ज्यांना लांबचे दिसत नाही त्यांच्यासाठी एकाने मोठ्याने वाचून दाखवला. मोहर तोडणाऱ्यावर खटला होईल असे त्यात होते. मग ज्याने त्याने हात मागे घेतले. कोणी म्हणाले कार्यालयाला फोन करा. केला. शनिवार असल्याने कार्यालय अर्ध्या दिवसात बंद झाले होते. कोणी म्हणाले नत्थूला शोधा. कोणी बर्फ आणायला गेला तो बर्फ घेऊन आला, पण गजातून लादी आत जाईना. मग ती फोडावी की नाही यावर बोलणे झाले. ती शेवटी फोडली, तेव्हा अर्धी वितळली होती.

मोहरील डोक्यावर ओला पंचा टाकून आले व नियम समजावून सांगू लागले. मी खिडकीतून म्हटले, "मोहरील साहेब, तुमची नीला आत आहे."

ते म्हणाले, "मला कल्पना आहे, सिंधूबाई. पण सील सरकारी आहे."

"मंग कोणी नाही म्हणून सही काहून केली?"

"मला वाटलं, ते नुसती नोटीस चिकटवतील. सही करताना मजकूर लिहून झालेला होता. साहेबांसमोर आपली नात इथे असते असं कसं सांगणार? तक्रार माझीच आहे ना."

हे त्यांचे शब्द आहेत. ऐकणारे पुष्कळ लोक होते. आज ते कानांवर हात ठेवतील, ती गोष्ट वेगळी.

मी माठातल्या पाण्यात चादरी भिजवून मुलांच्या अंगावर टाकल्या, कांदा फोडून हुंगायला दिला. माठ संपत आला. मुले रडत होती. मुले रडत असतात तोवर मला भीती वाटत नाही. नीला रडायची थांबली. तिचे अंग तव्यासारखे झाले होते आणि डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती.  त्या ओमप्रकाशने रकान्यात लिहिलेला शब्द माझ्या डोक्यात आला आणि त्याची जीभ झडो असे मी मोठ्याने म्हणाले. जमादार साहेब म्हणतात हे लिहिण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे.

मी नीलाला उचलून खिडकीशी आणले व गजाजवळ धरले. मोहरील यांनी गजातून हात घालून तिच्या पायाला लावला. तिने पाय ओढून घेतला नाही. मोहरील तेथेच ओट्यावर बसले. त्यानंतर त्यांनी नियम सांगितला नाही.

माझे पती या घराशिवाय आणखी एक वस्तू मागे ठेवून गेले, ती म्हणजे हत्यारांची पेटी. माझे दार आत उघडते, त्यामुळे बिजागऱ्या आतल्या बाजूने आहेत. मुलांतल्या सगळ्यात मोठ्या मुलीला नीलाला वारा घालायला बसवून मी पेचकसाने एकेक स्क्रू काढायला लागले. रंगाखाली बसून स्क्रू घट्ट झाले होते. जे निघाले नाहीत ते मी वरवंट्याने ठोकून काढले. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे सुजलेली आहेत, ती जमादार साहेबांना दाखवली. शेवटी दोन्ही पल्ले, मधल्या कडी-कुलपासकट, जोडीने आत आले. मोहर बाहेरच्या बाजूला होती म्हणून बाहेरून कोणी दार धरायला मदत केली नाही. दार खाली पडल्यावर मात्र सगळे एकदम आत आले. त्यात मोहरीलही होते. त्यांनी नीलाला घेतले व अनवाणीच डॉक्टरकडे पळाले. नीलाला सलाईन लावावे लागले. आता ती बरी आहे.

संध्याकाळी प्रमोदिनी कोराडीच्या बसने उतरली ती थेट डॉक्टरकडे गेली व तिथून माझ्या घरी आली. तिने दारावरचा कागद पूर्ण वाचला. मोहरील मागे उभे होते. ती त्यांना म्हणाली, "बाबा, ही सही तुमची आहे?" त्यावर त्यांनी काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. तेव्हा कूलर बंदच होते, तरीही ऐकू आले नाही.

सरकारी मोहर तोडल्याचा जो आरोप माझ्यावर आहे तो मला मान्य नाही. दार मी आज हातगाडीवर घालून ठाण्याच्या आवारात आणले आहे. कडी, कुलूप, कापड, लाख सर्व जागच्या जागी आहे. जमादार साहेबांनी स्वतः बोट लावून पाहिले. मोहर माझ्या दारावर जशी लावली तशीच आहे. दार तेवढे घरावर नाही. गोदामातील माल परस्पर हलवल्याचा दुसरा आरोप आहे. माल त्याच्या आयांनी कडेवर घालून नेला. पावती कोणी मागितली नाही.

आज सकाळी नवीन साहेब ओमप्रकाश यांना घेऊन पुन्हा मोहर करायला आले होते. दार नसल्याने त्यांची पंचाईत झाली. मोहर करायला दार लागते, भोकाला मोहर करता येत नाही, असे नियमात आहे म्हणाले. मला त्यांनी सांगितले की, "बाई, आधी दार बसवून घ्या, म्हणजे आम्हाला ते बंद करता येईल." मी म्हटले, "बसवतो साहेब. पण दार बसवणं म्हंजे बांधकामात फेरबदल झाला नं. त्याले परवानगी नाही लागत?" साहेबांनी ओमप्रकाश यांच्याकडे पाहिले. ओमप्रकाश यांनी पुस्तक काढून लागते असे सांगितले. मी तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. तो त्यांनी माझ्या पाळणाघराच्या अर्जाखाली ठेवला आहे. परवानगी येईपर्यंत दार बसवण्याचा गुन्हा मी करणार नाही. साहेबांनी घाई करू नये. तोवर पाळणाघर चालू राहील, कारण ते बंद करायला काही नाही. आज सकाळी सर्व मुले आली होती. नीला यायची आहे, डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितले आहे.

श्री. मोहरील हे ठाण्यात बाहेरच्या बाकावर बसलेले आहेत. जबाबाला आत येताना ते मला म्हणाले, "सिंधूबाई, त्या मजकुराबद्दल जपून सांगा. माझ्या पेन्शनचा प्रश्न आहे." मी त्यांना पाणी हवे का विचारले. ते हो म्हणाले, तेव्हा माझ्या बाटलीतले दिले, ते त्यांनी प्यायले.

त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार आहे काय, असे विचारल्यावरून सांगते की, आहे. ती जनरल नाही. त्यांना खटल्यात घालावे किंवा त्यांचे पेन्शन बंद करावे, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या घरात ते एका सहीपायी जे भोगत आहेत ते मला समोरून दिसते. पण आत माणसे आहेत हे माहीत असताना आत कोणी नाही असे त्यांनी लिहून दिले. माझ्या बाबतीत असे लिहिणारे मला जन्मापासून भेटलेले आहेत, त्याचे मला नवल नाही. त्यांनी स्वतःच्या नातीला कोणी नाही करून टाकले, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. माझी मागणी एवढीच आहे की, पंचनाम्यातील ते वाक्य दुरुस्त व्हावे. जमादार साहेबांनी सांगितले की, सही झालेला पंचनामा बदलता येत नाही. तर मग तो तसाच राहू द्यावा आणि या जबाबात लिहावे की, त्या दिवशी त्या घरात माल नव्हता. अकरा मुले होती आणि मी होते.

माझे सांगणे जमादार साहेबांनी मला मराठीत वाचून दाखवले. वाचताना शेवटचे तीन शब्द त्यांच्याकडून लिहायचे राहून गेले होते, असे दिसून आले. "अकरा मुले होती" येथेच त्यांनी पूर्णविराम दिला होता. तो खोडून ते शब्द घालून घेतले. आता मी सांगितले तसे आहे, म्हणून सही करते.

सिंधूताई देवाजी गजभिये